खड्डा खरोखर भरला आहे का? दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाचा वापर आणि निगा

ताई, आपण कुही तालुक्यातून लिहिलेला प्रश्न मी शांतपणे दोनदा वाचला. २०१७ साली शासनाच्या प्रोत्साहन अनुदानातून बांधलेले दोन खड्ड्यांचे शौचालय, घरात सहा माणसे, जमीन काळी कन्हार. गेल्या दोन पावसाळ्यांत भांड्यात पाणी वर येते आणि वास सुटतो. सासू-सासरे अजूनही पहाटे नाल्याकडे जातात. गवंडी म्हणतो की हे सगळे फोडून दहा बाय सहा बाय सहा फुटांची पक्की टाकी बांधा, म्हणजे आयुष्यभर बघायला नको. घरातले कोणी खड्ड्याचे झाकण उघडायला तयार नाही. त्यातच आपण नुकत्याच ग्रामपंचायतीवर निवडून आल्या असल्याने गावातली अनेक घरे हीच तक्रार घेऊन आपल्या दारात येतात. ‘खड्डा भरला, आता काय करावे आणि तो उपसायचा कोणी,’ असे आपण विचारले आहे.

नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत मी बावीस वर्षे याच कामात आहे. सुरुवातीला बांधकामावर देखरेख करत होतो, आता मुख्यतः गवंड्यांना शिकवतो आणि बिघडलेली शौचालये दुरुस्त करतो. काटोल-नरखेडच्या खडकाळ पट्ट्यापासून मौदा-कुहीच्या धानाच्या बांध्यांपर्यंत जिथे जिथे ‘खड्डा भरला’ असे सांगून मला बोलावले गेले, तिथे झाकण उघडल्यावर बहुतेक वेळा खड्डा मैल्याने भरलेला नव्हता, पाण्याने तुंबलेला होता. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे. मैला साचणे हे खड्ड्याचे काम आहे आणि ते अत्यंत सावकाश होते. पाणी तुंबणे हा दोष आहे आणि बहुतेक वेळा तो कमी खर्चात दुरुस्त होतो. मात्र त्याहून खोल अडचण अशी आहे की खड्डा भरेल या भीतीने माणसे शौचालय जपून वापरतात, म्हणजे म्हातारी माणसे आणि पुरुष बाहेर जातात व ते सुनांसाठी, पाहुण्यांसाठी आणि आजारपणासाठी राखून ठेवले जाते. आपल्या सासऱ्यांचे नाल्याकडे जाणे आणि गवंड्याचा टाकीचा आग्रह, या दोन्हींचे मूळ मला याच भीतीत दिसते. म्हणून आधी हिशेब मांडतो.

पाणी आणि लघवी जमिनीत मुरून गेल्यावर एका माणसाचा मैला वर्षाला साधारण ४५ लिटर एवढाच गाळ मागे ठेवतो. खड्ड्याचे आकारमान ठरवताना आपल्याकडे हाच आकडा धरला जातो. सहा माणसांचे वर्षाला २७० लिटर झाले. एक मीटर व्यासाचा आणि एक मीटर वापराच्या खोलीचा गोल खड्डा सुमारे ७८५ लिटरचा असतो. म्हणजे घरातील सहाही माणसांनी रोज, बाराही महिने शौचालय वापरले तरी एक खड्डा भरायला जवळजवळ तीन वर्षे लागतात. आपल्या घरची दोन माणसे बाहेर जातात, लेकरे दिवसभर शाळेत असतात, म्हणजे आपला खड्डा याहून अधिक काळ चालायला हवा. तीन वर्षांनी दुसरा खड्डा सुरू करायचा, त्यालाही तीन वर्षे लागतात, आणि तोवर पहिल्यातल्या मैल्याची माती झालेली असते. जपून वापरण्याची गरज कुठेच उरत नाही. ज्या खड्ड्याला भिऊन आपले सासरे नाल्याकडे जातात, त्यात त्यांची भर वर्षाला ४५ लिटरची, म्हणजे तीन घागरींच्या आसपास आहे.

आता गवंड्याच्या टाकीकडे येऊ. दहा बाय सहा बाय सहा म्हणजे ३६० घनफूट, अर्थात सुमारे १०,००० लिटर. नुसत्या गाळाचा विचार केला तर ही टाकी खरोखरच साडेतीन दशकांहून अधिक काळ पुरेल, आणि गवंडी हाच हिशेब मनात धरून बोलतो. परंतु तो ती चारही बाजूंनी आणि तळालाही सिमेंटने बंद करणार आहे, आणि बंद टाकीत पाणीसुद्धा साचून राहते. सहा माणसांचे शौचाचे पाणी आणि लघवी मिळून दिवसाला ४० लिटर धरले तरी अशी टाकी आठ-नऊ महिन्यांत काठोकाठ भरते. मग तिला नळी काढून ती नालीत सोडली जाते, आणि गावाच्या रस्त्यावरून तेच घाण पाणी उघडे वाहू लागते, ज्याच्यासाठी हागणदारीमुक्तीचा सगळा खटाटोप केला होता. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना थोडे निवळलेले दिसले तरी त्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात, ते शोषखड्ड्यातच मुरवावे लागते. म्हणजे टाकी बांधूनही शोषखड्डा टळत नाही. शिवाय खरी सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसावी लागते, आणि मैला उपसणारी गाडी आपल्या गावात कधी येईल, किती पैसे घेईल आणि तो मैला कोणाच्या शेताजवळ ओतेल, हे आपल्या हाती नसते. ज्या ठिकाणी जमिनीत पाणी मुरण्याची कोणतीच सोय होऊ शकत नाही, तिथे टाकीचा विचार मीही करतो, पण आपल्या वर्णनावरून तशी वेळ आलेली दिसत नाही.

दोन खड्ड्यांचे शौचालय चालते ते मातीच्या जोरावर. खड्ड्याच्या भिंतीत विटांच्या मध्ये जाळी, म्हणजे मोकळी भोके, ठेवलेली असते, तळ मातीचाच असतो, त्यातून पाणी मुरते आणि आतला वायू भोवतालची माती शोषून घेते. म्हणूनच या खड्ड्याला वर जाणारा वायूचा पाइप लागत नाही. भांड्याखाली ज्या वाकड्या भागाला गवंडी कोंबडा म्हणतात, त्यात दोन सेंटिमीटर पाणी सतत थांबून राहते आणि खड्ड्यातला वास व माश्या वर येऊ देत नाही. भांडे आणि खड्डे यांच्या मधल्या चेंबरमधून दोन फाटे निघतात, त्यांपैकी एक नेहमी बंद ठेवायचा असतो. इतकीच ही रचना आहे, आणि तिच्या बांधणीतला दोष भिंत, तळ, कोंबडा आणि चेंबर या चार जागांपैकी कुठेतरी सापडतो.

आपला दोष नेमका कुठे आहे हे इथे बसून ठामपणे सांगता येणार नाही, कारण ते जमिनीवर, भूजलाच्या पातळीवर आणि २०१७ साली गवंड्याने काय केले यावर अवलंबून आहे. पण घरच्या घरी शोधण्याची पद्धत सांगतो, आणि पाऊस संपून जमीन वाळू लागलेला हिवाळा हा त्यासाठी योग्य काळ आहे. दोघांनी मिळून खड्ड्याचे झाकण पहारीने एका बाजूने उचलावे आणि दोन-तीन तास तसेच उघडे राहू द्यावे. त्या वेळी जवळ बिडी, काडी, दिवा काहीही पेटवू नये, खाली वाकून तोंड आत नेऊ नये, लेकरांना आणि जनावरांना लांब ठेवावे. मग एक लांब काठी आत सोडून पाण्याची पातळी आणि तिच्याखाली घट्ट गाळ कुठे लागतो या दोन खुणा कराव्यात. त्या संध्याकाळी शौचालयातून दोन बादल्या, म्हणजे साधारण ३० लिटर पाणी सोडावे. खड्ड्यातली पातळी त्यामुळे दीड इंचाच्या आसपास चढेल. रात्रभर वापर थांबवून सकाळी पुन्हा काठी बुडवावी. पाणी उतरले असेल तर आपला खड्डा जिवंत आहे आणि तक्रार केवळ पावसाळ्याची आहे. कोरड्या दिवसांतही ते हलले नसेल, तर भिंतीतली जाळी बुजली आहे किंवा मुळात ठेवलेलीच नाही.

ही दुसरी शक्यता मी फार ठिकाणी पाहिली आहे. २०१४ नंतर गावोगावी एकाच वेळी काम निघाले, शिकलेले गवंडी पुरेसे नव्हते, आणि ज्या गवंड्याने आयुष्यभर विहिरीचे कठडे आणि पाण्याच्या टाक्या बांधल्या, त्याला भिंतीत भोके ठेवणे हे कच्चे काम वाटले. त्याने प्रामाणिकपणे, मजबुतीसाठी म्हणून, आतून सिमेंटचा गिलावा करून दिला. घरमालकालाही ते काम चांगले वाटले. असा खड्डा काही महिन्यांत पाण्याने भरतो, आणि घरातली माणसे समजतात की आपल्याच वापराने तो भरला.

पातळी उतरत असेल, तर पावसाळ्यातले पाणी कुठून येते ते शोधावे. सर्वात आधी छपराची पन्हळ आणि अंगणाचा उतार पाहावा. खड्ड्याचे झाकण जमिनीच्या पातळीला किंवा खाली असेल तर अंगणातले सगळे पाणी त्याच्यातच उतरते. झाकण निदान चार बोटे वर हवे, त्याच्या कडा सिमेंटच्या मसाल्याने बंद हव्यात आणि भोवती मातीचा उतरता ओटा हवा. त्यानंतर मोरीचे पाणी कुठे जाते ते पाहावे. न्हाणीघर शौचालयाला लागून बांधलेले असेल आणि त्याची नळी चेंबरमध्ये सोडली असेल, तर रोज शे-दीडशे लिटर साबणाचे पाणी खड्ड्यात जाते. ते कोणत्याही शोषखड्ड्याला झेपत नाही. मोरीचे पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसबागेत न्यावे, केळी आणि अळू त्यावर चांगली येतात. तिसरी जागा चेंबरची. त्याचे दोन्ही फाटे उघडे असतील तर दोन्ही खड्डे एकाच वेळी भरत आले असतील, आणि मग विश्रांतीला खड्डाच उरत नाही. माझा अंदाज आहे की आपल्याकडे हेच झाले आहे, कारण कोणता खड्डा चालू आहे हे घरात कोणालाच ठाऊक नाही असे आपण लिहिले आहे.

या तिन्ही गोष्टी ठीक असूनही पाणी चढत असेल, तर कारण काळ्या मातीत आहे. कन्हार जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून इतकी घट्ट होते की तिच्यातून पाणी सरकत नाही. अशा जमिनीत नुसता विटांचा खड्डा खोदून बसवणे चुकीचे आहे. विटांच्या भिंतीबाहेर चहूबाजूंनी एक फूट जाडीचा वाळू, गिट्टी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर हवा, म्हणजे मातीच्या भिंतीचे पाणी पिण्याचे क्षेत्र वाढते आणि चिकणमाती जाळीत शिरत नाही. आतून एक मीटरचा खड्डा हवा असेल तर खोदकाम सुमारे सहा फूट व्यासाचे करावे लागते. त्याचा खर्च गवंड्याच्या टाकीच्या तुलनेत किरकोळ असतो. आपल्या दोन खड्ड्यांपैकी जो अधिक रिकामा किंवा अधिक खराब बांधलेला आहे, तो उन्हाळ्यात या पद्धतीने नव्याने बांधून घ्यावा आणि दुसरा विश्रांतीला ठेवावा, असा माझा सल्ला राहील.

आपले गाव गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या जवळ असेल, तर मात्र वेगळा विचार करावा लागेल. तिथे भूजलच वर असते, आणि खड्ड्याचा तळ पाण्यात बुडाला तर मैला थेट भूजलात मिसळतो. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली भूजलाची सर्वात वरची पातळी यांत दोन मीटर माती असावी असा मी आग्रह धरतो. ती मिळत नसेल तर खड्डा उथळ करून जमिनीच्या वर उचलावा आणि भोवती भराव घालावा, शौचालयाचा ओटाही तितकाच उंच करावा. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप खड्ड्यापासून कमीत कमी दहा मीटर दूर हवा. काटोल-नरखेडसारख्या भेगाळलेल्या काळ्या पाषाणात मी याहूनही जास्त अंतर ठेवतो, कारण मातीतून गाळून जाणारे पाणी खडकाच्या फटीतून न गाळता धावते. आपल्या गावच्या जलसुरक्षकाला सांगून खड्ड्यांजवळच्या हातपंपांचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासून घ्यावेत.

आता ज्या प्रश्नाला घरात कोणी तोंड देत नाही, त्याकडे येतो. खड्डा उपसायचा कोणी?

या प्रश्नाच्या मागे जातिव्यवस्था आहे, आणि ते स्पष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मैला उचलण्याचे काम काही जातींवर लादले गेले. त्यामुळे खड्डा उघडणे म्हणजे त्या कामाला हात लावणे, असे बाकीच्यांना वाटते, आणि ज्यांच्यावर ते लादले गेले होते त्यांना ते पुन्हा करायचे नाही, जे सर्वथा योग्य आहे. मोठी टाकी बांधण्यामागे हीच इच्छा असते की आपल्या हयातीत हा प्रश्न येऊ नये. पण ताज्या मैल्याचा खड्डा किंवा टाकी माणसाला आत उतरवून साफ करून घेणे हा गुन्हा आहे. हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारसफाईत मृत्यू आल्यास द्यावयाची भरपाई ३० लाख रुपये केली. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू एका श्वासात माणसाला खाली पाडतो, आणि त्याला वाचवायला उतरणारा दुसराही परत येत नाही. म्हणून चालू खड्ड्यात किंवा टाकीत कोणीही, कितीही पैसे देऊ केले तरी, उतरू नये आणि कोणाला उतरू देऊ नये. ग्रामपंचायतीच्या सदस्या म्हणून हे आपण गावात जाहीरपणे सांगावे अशी माझी विनंती आहे.

दोन खड्ड्यांची रचना मुळात या अन्यायावरचे उत्तर म्हणून आपल्या देशात रुजली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आळीपाळीने वापरायच्या संडासाचे प्रयोग केले आणि त्यातून निघणाऱ्या खताला सोनखत म्हणून मान मिळवून दिला. पुढे १९७० पासून बिंदेश्वर पाठकांनी बिहारमध्ये पाणी टाकून वापरायच्या दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा प्रसार केला. दोघांचाही हेतू एकच होता, की कोणत्याही माणसाला दुसऱ्याचा मैला उचलावा लागू नये. बंद केलेला खड्डा दोन वर्षे तसाच राहिला की त्यात मैला राहत नाही, मातीसारखे काळसर, भुसभुशीत खत राहते. एका वर्षातही ते मातीसारखे दिसू लागते, पण जंतांची अंडी चिवट असतात, म्हणून मी पूर्ण दोन वर्षे थांबतो.

हे सांगून कोणाला पटत नाही, दाखवावे लागते. कळमेश्वर तालुक्यातल्या एका गावात निवृत्त झालेले एक गुरुजी होते. त्यांचा पहिला खड्डा बंद करून दोन वर्षांहून अधिक काळ झाला होता आणि मे महिना चालू होता. त्यांनी आदल्या दिवशी झाकण काढून ठेवले आणि दुसऱ्या सकाळी, शेजारपाजारची वीस-पंचवीस माणसे उभी असताना, स्वतः बूट आणि हातमोजे घालून काठावरूनच लांब दांड्याच्या फावड्याने खत वर काढायला सुरुवात केली. मी त्यांच्या सोबत होतो. पहिल्या फावड्याला सगळे मागे सरकले. वास आला नाही, तेव्हा हळूहळू पुढे आले. गुरुजींच्या पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते खत मुठीत घेऊन पाहिले. त्यानंतर ते परसातल्या आंब्याच्या आणि दोन संत्र्यांच्या झाडांच्या आळ्यांत घातले. सगळे काम दोन तासांत संपले. त्या उन्हाळ्यात त्या गावातल्या आणखी चार घरांनी आपापले खड्डे स्वतः रिकामे केले, आणि एका घरातल्या आजोबांनी शौचालय वापरायला सुरुवात केली असे त्यांच्या सुनेने मला सांगितले. गावातल्या मानाच्या माणसाने स्वतः फावडे हातात घेणे याचा जो परिणाम होतो, तो माझ्या वीस व्याख्यानांनी होत नाही. आपल्या गावात असे कोण आहे याचा शोध आपण घ्यावा. कदाचित ती व्यक्ती आपणच असाल.

काळ्या मातीत दोन वर्षांनंतरही खड्डा आतून ओलसर निघू शकतो. तसे झाले तर तो त्या दिवशी उपसू नये. त्यात कोरडी माती आणि चुलीची राख टाकून झाकण बंद करावे आणि आणखी एक उन्हाळा जाऊ द्यावा. रिकामे करण्याचे काम एप्रिल-मे महिन्यांतच करावे. खत फळझाडांना आणि कापसाला घालावे, पण कोथिंबीर, मुळा, काकडी यांसारख्या कच्च्या खायच्या भाजीला घालू नये. काम झाल्यावर हात-पाय आणि अवजारे साबणाने धुवावीत.

सासू-सासऱ्यांविषयी आपण लिहिले आहे की त्यांना समजावून थकलात. कदाचित त्यांना काय अडचण आहे हे विचारून पाहणे अधिक उपयोगी पडेल. मी ज्येष्ठांशी बोललो तेव्हा कारणे बहुधा शरीराची निघाली. गुडघे दुखतात आणि उकिडवे बसून उठताना धरायला काही नसते. आत अंधार असतो, जागा कोंदट असते, फरशी ओली असेल तर पाय घसरण्याची भीती वाटते. भिंतीत हात पोहोचेल अशा उंचीवर पक्का दांडा बसवणे, पायरीला कठडा करणे, एक बल्ब लावणे, खुर्चीसारखी कमोडची बैठक आणणे, यांतल्या एखाद्या गोष्टीने जे होते ते उपदेशाने होत नाही. काहींना पहाटेचे फिरणे आणि सोबत्यांशी बोलणे सोडवत नाही, त्यांना शौचालयातून जाऊन मग फिरायला जाण्यास सांगावे. पूर्वी पहाटे शिट्ट्या वाजवणारी पथके फिरत, माणसांचे फोटो काढत. त्याने लोक काही दिवस लपून दुसऱ्या वाटेने गेले आणि मनात कायमचा अपमान घेऊन बसले. वयाने मोठ्या माणसांना लाजवून सवय लावता येते यावर माझा विश्वास नाही.

पाण्याचाही विचार करावा. खेड्यासाठीच्या भांड्याला तीव्र उतार असतो आणि ते दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते. शहरी दुकानातले पसरट भांडे बसवले असेल तर त्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी लागते. उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईला ते परवडत नाही, आणि खड्ड्यालाही झेपत नाही. शौचालयाच्या दाराशी झाकणाचा पन्नास लिटरचा ड्रम ठेवावा आणि तो भरण्याची जबाबदारी घरातल्या पुरुषांनीही वाटून घ्यावी. वापरण्यापूर्वी भांड्यात थोडे पाणी टाकले की मैला चिकटत नाही आणि नंतर कमी पाणी लागते.

साफसफाईबाबत आपण ॲसिड वापरावे का असे विचारले आहे. वापरू नये. ॲसिडने भांड्याची चकाकी जाते, मग डाग अधिक धरतात, आणि ते खड्ड्यात उतरून मैल्याची माती करणारे जिवाणू मारते. फिनेलचाही अतिरेक नको. दर एक-दोन दिवसांनी लांब दांड्याचा ब्रश आणि थोडे साबणाचे पाणी पुरते, जुने पिवळे डाग असतील तर रात्री सोड्याची पेस्ट लावून सकाळी घासावे. खड्डा लवकर कुजावा म्हणून बाजारात पुड्या मिळतात, त्यांची गरज नाही, मातीत आणि मैल्यात लागणारे जिवाणू असतातच. सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या, कापड, केस यांपैकी काहीही भांड्यात टाकू नये, आत डबा ठेवावा. लेकरांची शी मात्र शौचालयातच टाकावी, कारण लहान मुलांची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. कुटुंब लग्नाला किंवा कामाला काही दिवस बाहेर गेले तर उन्हाळ्यात कोंबड्यातले पाणी आटते आणि वास येऊ लागतो. घरात कोणी नसेल तर शेजारणीला दोन दिवसांआड तांब्याभर पाणी टाकायला सांगावे. ‘शौचालय वापरत नाही तरी वास येतो’ या तक्रारीचे कारण अनेकदा एवढेच असते.

ग्रामपंचायत म्हणून आपल्याला करता येण्यासारखे एक काम मी सर्वांच्या आधी धरेन. गावातल्या प्रत्येक शौचालयाची एक साधी वही करावी: किती खड्डे आहेत, कोणता चालू आहे, तो कोणत्या महिन्यात सुरू झाला, जवळची विहीर किती अंतरावर आहे. प्रत्येक झाकणावर रंगाने खड्डा सुरू केल्याची किंवा बंद केल्याची तारीख लिहून घ्यावी. एकच खड्डा असलेल्या घरांना दुसरा बांधून देण्यासाठी वित्त आयोगाच्या निधीतील स्वच्छतेसाठी राखून ठेवलेल्या (बंधित) हिश्श्याचा उपयोग करता येतो का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारावे. गावातल्या दोन गवंड्यांना जाळीचे बांधकाम आणि काळ्या मातीतला वाळूचा थर शिकवून घ्यावा, कारण पुढची सगळी दुरुस्ती त्यांच्याच हातून होणार आहे. ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहेतच, त्यांच्यासाठी यंत्राची गाडी वर्षातून एकदा ग्रामपंचायतीने मिळून बोलवावी आणि मैला कुठे टाकणार हे लेखी घ्यावे.

आपल्या घरापुरते सांगायचे तर गवंड्याला टाकीसाठी होकार देण्याआधी या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात: चेंबर उघडून कोणता फाटा चालू आहे ते पाहणे, काठीची चाचणी दोन्ही खड्ड्यांत करणे, आणि मोरीची नळी कुठे जाते ते शोधणे. दोन्ही खड्डे चालू निघाले तर ज्यात गाळ कमी आहे तो चालू ठेवावा, दुसऱ्याचा फाटा विटेचा तुकडा आणि कच्च्या मसाल्याने बंद करावा आणि झाकणावर त्या दिवसाची तारीख लिहावी. काठीवरच्या चार खुणांची मापे आणि जवळच्या विहिरीतली पाण्याची खोली मला कळवली, तर वाळूचा थर लागेल की नुसता उतार आणि मोरी दुरुस्त करून भागेल, हे मी अधिक नेमके सांगू शकेन.